जलावतनाचे घर : हंगेरीच्या राकोत्सी घराण्याची कहाणी

तुर्कस्तानात मारमारा समुद्राच्या किनाऱ्यावर तेकिरदाग नावाचे शहर आहे. हंगेरियन माणूस त्याला आजही रोदोश्तो या जुन्या नावाने ओळखतो. या शहरात एक जुने लाकडी घर जपून ठेवलेले आहे. 1932 साली त्याचे संग्रहालय झाले. हे घर कुणा सुलतानाचे नाही, वजिराचे नाही, कुणा सूफी बुजुर्गाचेही नाही. ते एका कॅथलिक ख्रिस्ती राजाशी निगडित आहे. त्याचे नाव दुसरा फेरेन्त्स राकोत्सी. स्वतःच्या मुलुखातून परागंदा झालेला हा माणूस उस्मानी सुलतानाच्या पनाहीत आला आणि आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे या शहरात राहून इथेच मरण पावला.

युरोप आणि तुर्क यांचा इतिहास आपल्यापुढे बहुधा एकाच साच्यातून येतो. एका बाजूला चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि मध्ये तलवार. मोहाच, बुडा, व्हिएन्ना ही नावे या साच्यात चपखल बसतात. पण राकोत्सी घराण्याची शंभर-सव्वाशे वर्षांची हकीकत वाचू लागलो की हा साचा जागोजागी तडकतो. कोण कुणाच्या बाजूने, कोण कुणाच्या विरोधात, याचे उत्तर धर्मावरून देता येत नाही. म्हणूनच ही कहाणी आपण वाचायला हवी.

तीन तुकड्यांचा देश

1526 साली मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा लायोश मारला गेला आणि सुलतान सुलेमानचा विजय झाला. 1541 मध्ये बुडा शहर उस्मानींच्या ताब्यात गेले. त्यानंतर हंगेरीचे तीन तुकडे झाले. पश्चिम आणि उत्तरेची पट्टी व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटाकडे गेली. मधला सुपीक मैदानी भाग उस्मानी पाशांच्या अमलाखाली आला. पूर्वेकडे डोंगररांगांच्या कुशीत ट्रान्सिल्व्हेनियाचे वेगळे राज्य उभे राहिले. त्याचा राजा तिथले सरदार निवडत, पण त्याला मान्यता सुलतानाची लागे आणि दरसाल इस्तंबूलला खंडणी भरावी लागे. थोडक्यात, ते मांडलिक राज्य होते.

मांडलिक असले तरी ते दुबळे नव्हते. कॅथलिक, लुथरपंथी, कॅल्व्हिनपंथी आणि युनिटेरियन अशा चार ख्रिस्ती पंथांना तिथे कायद्याने मान्यता होती. युरोपात अन्यत्र पंथाच्या नावाखाली माणसे जाळली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. अर्थात, तिथल्या बहुसंख्य रोमानियन शेतकऱ्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथाला हा दर्जा नव्हता, हेही विसरून चालणार नाही. याच ट्रान्सिल्व्हेनियाच्या गादीवर राकोत्सी घराण्याचे पुरुष बसले.

शिपाईगिरीतून गादीकडे

हे घराणे मूळचे उत्तर हंगेरीतले, झेम्प्लेन जिल्ह्यातले. घराण्याला खरी उंची दिली ती झिग्मोंद राकोत्सीने. 1544 साली जन्मलेला हा माणूस सीमेवरचा शिपाईगडी. एगेरच्या किल्ल्याचा तो किल्लेदार होता आणि 1588 मध्ये सिक्सोच्या लढाईत त्याने उस्मानी फौजेला हरवले होते. त्याच साली त्याला सरदारकीचा किताब मिळाला. लढाईइतकाच तो जमिनीच्या आणि सोयरिकीच्या व्यवहारातही हुशार होता. 1590 मध्ये विझोय या खेड्यात बायबलचे पहिले संपूर्ण हंगेरियन भाषांतर छापले गेले, त्याला त्याचा आश्रय होता. 1607 साली ट्रान्सिल्व्हेनियाच्या सरदारांनी त्याला गादीवर बसवले. जेमतेम वर्षभरात त्याने गादी सोडली आणि 1608 मध्येच तो वारला.

आयुष्यभर तुर्कांशी लढलेला माणूस अखेरीस तुर्कांच्या मांडलिक राज्याचा राजा झाला. त्याच्या समकालीनांना यात विसंगती वाटली नसावी. राजकारणात शेजारी निवडता येत नाहीत. त्यांच्यासोबत निभावून न्यावे लागते, एवढे त्यांना ठाऊक होते.

त्याचा मुलगा पहिला द्यॉर्ज राकोत्सी 1630 ते 1648 अशी अठरा वर्षे राज्यावर होता. घराण्याचा हा सर्वांत यशस्वी राजा. त्याची पत्नी झुझाना लोरांत्फी ही शिक्षणाची मोठी पुरस्कर्ती होती. शारोशपातक येथील तिच्या विद्यालयात पुढे 1650 ते 1654 या काळात कोमेनियस हा युरोपातला नामांकित शिक्षणतज्ज्ञ शिकवायला आला. 1648 मध्ये रोमानियन भाषेतला नवा करार द्यॉर्जच्याच आश्रयाने छापला गेला. रयतेला तिच्या भाषेत धर्मग्रंथ मिळावा, असा त्यामागचा विचार होता. आपल्या कॅल्व्हिन पंथाकडे तिला वळवण्याचा हेतूही त्यात होताच.

1644 साली द्यॉर्जने हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारले. स्वीडन आणि फ्रान्स त्याच्या बाजूला होते. 1645 मध्ये लिंझ येथे तह झाला. या तहाने हाब्सबुर्ग हंगेरीतल्या प्रोटेस्टंट लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले, आणि ते केवळ जमीनदारांपुरते नव्हते, कुळांना आणि वेठबिगारांनाही होते. मालकाचा जो धर्म तोच कुळाचा, हा त्या काळचा सर्वसाधारण नियम होता. तो ध्यानात घेतला म्हणजे या कलमाचे मोल कळते.

एका महत्त्वाकांक्षेची किंमत

बापाने कमावलेले मुलाने घालवले. दुसरा द्यॉर्ज राकोत्सी 1648 मध्ये गादीवर आला. त्याला पोलंडच्या मुकुटाचे स्वप्न पडले. 1657 साली स्वीडनशी हातमिळवणी करून, सुलतानाची परवानगी न घेता, त्याने पोलंडवर स्वारी केली. स्वारी पुरती फसली. तो स्वतः कसाबसा परतला, पण मागे राहिलेली त्याची फौज क्रिमियाच्या तातारांनी कैद करून नेली. हजारो घरांतले कर्ते पुरुष गुलामीत गेले.

इस्तंबूलमध्ये तेव्हा कोप्रुलू मेहमेद पाशा वजीर होता. त्याच्या कडकपणाची ख्याती होती. मांडलिकाने परस्पर युद्ध पुकारावे, हे त्याला खपणे शक्यच नव्हते. त्याने द्यॉर्जला पदच्युत केले. द्यॉर्ज ऐकेना, तेव्हा 1658 मध्ये पाशा स्वतः फौज घेऊन आला. ट्रान्सिल्व्हेनियाची गावेच्या गावे बेचिराख झाली. मे 1660 मधल्या लढाईत द्यॉर्ज जबर जखमी झाला आणि जूनमध्ये नॉज्वाराद येथे मरण पावला. पाठोपाठ ते शहरही उस्मानींनी घेतले.

उस्मानींच्या उदारपणाच्या गोष्टी पुढे येणार आहेत. त्या सांगताना ही राखरांगोळी झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एका राजाच्या हट्टाची आणि एका वजिराच्या शिस्तीची किंमत शेवटी रयतेने मोजली. साम्राज्य कोणत्याही धर्माच्या माणसाचे असो, त्याच्या घोड्यांच्या टापांखाली पीक सारखेच तुडवले जाते.

द्यॉर्जची विधवा झोफिया बाथोरी कॅथलिक पंथात गेली आणि तिचा मुलगा पहिला फेरेन्त्सही तिच्याबरोबर गेला. ज्या शारोशपातकच्या विद्यालयाला तिच्या सासूने वाढवले होते, तिथल्या प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना 1671 मध्ये बाहेर काढण्यात आले. एकाच घराण्यात दोन पिढ्यांत एवढा फरक पडला. पहिला फेरेन्त्स गादीवर कधी बसलाच नाही. सम्राटाविरुद्धच्या कटात तो सामील झाला; कट फुटल्यावर त्याच्या आईने प्रचंड दंड भरून त्याचा जीव वाचवला. त्याचा सासरा पेतर झ्रीनी एवढा नशीबवान नव्हता. 1671 मध्ये व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयस्टाट येथे त्याचा शिरच्छेद झाला.

मुंकाचची बेगम

या झ्रीनीची मुलगी इलोना ही आपल्या कहाणीतली सर्वांत तेजस्वी स्त्री. तिचा खापरपणजोबा 1566 मध्ये सिगेतवारचा किल्ला सुलतान सुलेमानच्या फौजेविरुद्ध लढवताना मारला गेला होता. सुलेमानही त्याच वेढ्याच्या काळात छावणीत वारला. अशा घरातली ही मुलगी. 1676 साली तिला मुलगा झाला, तोच दुसरा फेरेन्त्स. काही महिन्यांतच तिचा नवरा वारला.

1682 मध्ये तिने इम्रे तोकोलीशी दुसरे लग्न केले. तोकोली हा हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा पुढारी होता आणि सुलतानाने त्याला उत्तर हंगेरीचा राजा म्हणून मान्यता दिली होती. पण 1683 मध्ये व्हिएन्नाचा उस्मानी वेढा उधळला गेला आणि पारडे फिरले. 1685 मध्ये उस्मानींनी तोकोलीलाच कैद केले. पराभवाचे खापर दोस्ताच्या डोक्यावर फोडण्याचा हा प्रकार होता. त्याचा परिणाम उलटाच झाला. तोकोलीचे हजारो सैनिक निराश होऊन सम्राटाला जाऊन मिळाले. पुढच्याच वर्षी बुडा उस्मानींच्या हातून गेले.

नवरा कैदेत, दोन मुले पदराशी आणि किल्ल्याभोवती सम्राटाची फौज, अशा अवस्थेत इलोनाने मुंकाचचा किल्ला लढवला. 1685 च्या अखेरीपासून जानेवारी 1688 पर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ. तोफांच्या आवाजात तो लहान फेरेन्त्स वाढला. आपल्याला अहमदनगरच्या चाँदबीबीची आठवण व्हावी अशी ही हकीकत आहे.

अखेर किल्ला द्यावा लागला. व्हिएन्नात मायलेकांची ताटातूट झाली. इलोनाला मठात ठेवले आणि बारा वर्षांच्या फेरेन्त्सला बोहेमियातल्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत पाठवले. त्याने आपली भाषा, आपले बंड आणि आपली आई विसरावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत इलोना सुटली आणि मोकळ्या झालेल्या तोकोलीकडे गेली. त्याच्याबरोबर ती उस्मानी मुलुखात राहिली आणि फेब्रुवारी 1703 मध्ये इझमित येथे वारली. मुलाची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. तिला इस्तंबूलच्या गलाता भागातल्या चर्चमध्ये दफन करण्यात आले. सिगेतवारच्या वीराची खापरपणती सुलतानाच्या राजधानीत विसावली.

आठ वर्षांचे बंड

फेरेन्त्स मोठा झाला तो जर्मन रीतीरिवाजात. हंगेरीतल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांत त्याची गणना होई. 1697 मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला आणि त्याला पुढारी होण्याची गळ घातली, तेव्हा तो व्हिएन्नाला निघून गेला. पण जमीनदारीत राहून त्याने रयतेची दैना पाहिली. करांचा बोजा, सैनिकांची लूटमार, उस्मानी गेले तरी न थांबलेली पिळवणूक. 1700 मध्ये त्याने फ्रान्सच्या चौदाव्या लुईला मदतीसाठी पत्र लिहिले. पत्र नेणाऱ्यानेच दगा दिला. 1701 मध्ये त्याला पकडून वीनर नॉयस्टाटच्या तुरुंगात टाकले. त्याच्या आजोबांनी आपले शेवटचे दिवस तिथेच काढले होते.

पत्नीच्या धडपडीने आणि लेमान नावाच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या मदतीने तो शिपायाच्या वेषात निसटला आणि पोलंडला पोचला. लेमानला या मदतीबद्दल देहदंड झाला.

1703 मध्ये शेतकऱ्यांचे निरोपे पोलंडमध्ये त्याच्यापर्यंत आले. या वेळी तो मागे हटला नाही. देवाच्या साथीने वतन आणि स्वातंत्र्यासाठी, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे त्याच्या निशाणांवर होती. ज्यांच्या हाती विळे-कोयते होते असे वेठबिगार त्याच्याभोवती जमले. जो लढेल त्याला वेठीतून सूट, असे त्याने जाहीर केले आणि 1708 मध्ये शारोशपातकच्या सभेत त्याचा कायदा झाला. 1704 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाने त्याला राजा निवडले. 1705 मध्ये सेचेनच्या सभेने त्याला संयुक्त हंगेरियन सरदारांचा अधिपती केले. तो स्वतः भाविक कॅथलिक, पण त्याच्या बाजूचे बहुतेक लोक प्रोटेस्टंट. सेचेनच्या सभेत पंथांच्या हक्कांचा तंटा त्याने समजुतीने मिटवला.

1707 मध्ये ओनोदच्या सभेने सम्राट योझेफला हंगेरीच्या गादीवरून दूर केल्याचे जाहीर केले. पण बंडाकडे चांदी नव्हती. तांब्याची नाणी पाडली, त्यांची किंमत कोसळली. जमीनदारांना वेठबिगारांची मुक्ती मनातून नको होती. 1708 च्या ऑगस्टमध्ये त्रेंचेनच्या लढाईत राकोत्सी घोड्यावरून कोसळला, फौजेला तो मेला असे वाटले आणि पळापळ झाली. वर प्लेगची साथ. फ्रान्सची मदत तुटपुंजी होती. सुलतानाने तर 1699 च्या कार्लोवित्झ तहाचे बंधन मानून उघड मदत केलीच नाही.

1711 मध्ये तो रशियाच्या झारकडे मदत मागायला पोलंडला गेला असताना त्याच्या सेनापतीने, शांदोर कारोईने, सात्मारचा तह केला. बंडखोरांनी निशाणे जमिनीत रोवली आणि ते घरी गेले. तहात राकोत्सीलाही माफी होती. एकनिष्ठेची शपथ घ्यायची आणि जप्त झालेल्या जहागिरी परत घ्यायच्या. त्याने शपथ घेतली नाही. 1715 साली हंगेरीच्या सभेने कायदा करून त्याला आणि त्याच्या साथीदारांना देशद्रोही ठरवले.

पनाह

आधी पोलंड, मग फ्रान्स. लुई वारल्यावर तो एका मठाच्या सावलीत एकांतात राहू लागला. अशा वेळी सुलतान तिसरा अहमद याचे बोलावणे आले. उस्मानींचे सम्राटाशी पुन्हा युद्ध जुंपले होते. ऑक्टोबर 1717 मध्ये राकोत्सी गॅलिपोलीला उतरला. पण तोपर्यंत बेलग्राद सम्राटाच्या फौजेने घेतले होते. 1718 मध्ये पासारोवित्झचा तह झाला आणि ज्या कामासाठी त्याला बोलावले ते कामच उरले नाही.

सम्राटाच्या वकिलांनी मागणी केली की राकोत्सीला आमच्या स्वाधीन करा. सुलतान युद्ध हरलेला होता. मुलूख गेला होता. एका परक्या, परधर्मी, आता निरुपयोगी झालेल्या माणसासाठी तहाची बोलणी कशाला अडवायची, असे कुणीही म्हटले असते. तरीही इस्तंबूलने नकार दिला. पाहुणा सीमेपासून दूर ठेवू, एवढेच कबूल केले. 1720 मध्ये राकोत्सी आणि त्याचे साथीदार रोदोश्तोला राहायला आले. त्यांना राहायला घरे मिळाली आणि सरकारी तनखा मिळू लागला.

मुसलमानी परंपरेत पनाह मागणाऱ्याला सांभाळणे ही अमानत मानली जाते. राजकारणाचा हिशोबही त्यात असणार. हाब्सबुर्गांविरुद्ध एक मोहरा हाताशी असावा, असे इस्तंबूलला वाटलेच असेल. पण 1720 ते 1735 ही पंधरा वर्षे त्या मोहऱ्याचा काही उपयोग झाला नाही आणि तरी पाहुण्याला कुणी बाहेर काढले नाही.

राकोत्सीबरोबर केलेमेन मिकेश नावाचा तरुण होता. एका काल्पनिक आत्याला उद्देशून त्याने 207 पत्रे लिहिली. ही पत्रे हंगेरियन गद्याचा अभिमान मानली जातात. त्यांतून रोदोश्तोचे दिवस दिसतात. पहाटे उठणे, ढोलाच्या ठोक्यावर ठरलेली प्रार्थना, लेखन, जेवण, सुतारकाम. हंगेरीचा अधिपती हातात रंधा घेऊन खुर्च्या बनवत होता. तो लॅटिनमध्ये आत्मकथन आणि फ्रेंचमध्ये आठवणी लिहीत होता. दुपारनंतर समोर समुद्र. मायदेशाची वाट त्या समुद्रातून जात नव्हती.

इथेच आणखी एक हंगेरियन आपल्याला भेटतो. सुलतानाने राकोत्सीच्या दिमतीला दुभाषी आणि मध्यस्थ म्हणून नेमला होता तो इब्राहिम मुतेफर्रिका. ट्रान्सिल्व्हेनियातल्या कोलोजवार शहरात ख्रिस्ती घरात जन्मलेला, पुढे इस्लाम स्वीकारून उस्मानी चाकरीत शिरलेला विद्वान. 1727 मध्ये सुलतानाच्या फर्मानाने आणि शेख-उल-इस्लामच्या फतव्याने त्याला छापखाना काढायची परवानगी मिळाली. धार्मिक ग्रंथ छापायचे नाहीत, ही अट होती. 1729 मध्ये त्याने अरबी-तुर्की शब्दकोश छापला. मुसलमानाने चालवलेला, अरबी लिपीत तुर्की पुस्तके छापणारा उस्मानी राज्यातला हा पहिला छापखाना. त्यातून एकूण सतरा ग्रंथ निघाले. एकाच मातीतले दोघे. एक आपल्या धर्मावर कायम राहिला, दुसऱ्याने धर्म बदलला. एकाने वतन गमावले, दुसऱ्याने नवे वतन केले. आणि दोघे एकमेकांशी कामाचे बोलत बसले.

माती आणि शिक्का

8 एप्रिल 1735 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, राकोत्सी वारला. त्याला इस्तंबूलला नेऊन गलाताच्या त्याच चर्चमध्ये आईशेजारी दफन केले. व्हिएन्नात दुरावलेले मायलेक इस्तंबूलच्या मातीत एकत्र आले.

त्याचा थोरला मुलगा योझेफ पुढे तुर्कस्तानात आला. नव्या युद्धात सुलतानाने त्याला ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा म्हणून पुढे केले, पण 1738 मध्ये तो आजाराने गेला. धाकटा द्यॉर्ज 1756 मध्ये फ्रान्समध्ये वारला आणि राजघराण्याची ही शाखा संपली. मिकेश रोदोश्तोतच 1761 मध्ये प्लेगने गेला.

1906 मध्ये हंगेरीच्या संसदेने 1715 चा तो देशद्रोहाचा कायदा रद्द केला. शिक्का पुसायला 191 वर्षे लागली. त्याच वर्षी राकोत्सीच्या, इलोनाच्या आणि साथीदारांच्या अस्थी इस्तंबूलहून समारंभाने नेऊन कॉश्शा येथील कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. ज्याला कायद्याने गद्दार म्हटले, त्याचाच चेहरा पुढे हंगेरीच्या 500 फोरिंटच्या नोटेवर आला. गद्दार कोण हे ठरवणारी लेखणी बहुतेक वेळा जिंकणाऱ्याच्या हातात असते. ती लेखणी कायमची त्याच्याच हातात राहत नाही, हाच काय तो दिलासा.

आज या घराण्याच्या खुणा शोधायच्या तर पाच देश फिरावे लागतात. फेरेन्त्सचे जन्मगाव बोर्शी आणि समाधीचे कॉश्शा स्लोव्हाकियात आहेत. इलोनाचा मुंकाच किल्ला युक्रेनमध्ये आहे. ज्या शहरात राज्याभिषेक व्हायचे ते रोमानियात आहे. शारोशपातकचा वाडा तेवढा हंगेरीत उरला. आणि पाचवा देश तुर्कस्तान. सरहद्दी सरकल्या, राज्ये बुडाली, उस्मानी गेले आणि हाब्सबुर्गही गेले. समुद्राकडे तोंड करून उभे असलेले ते लाकडी घर मात्र राहिले. तलवारींची नोंद बखरींत भरपूर आहे. हरलेल्या सुलतानाने आपला पाहुणा दिला नाही, ही नोंद आपण आपल्या मुलांना सांगायला हवी.